अभिरुची आणि आसन

‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून संगीताविषयीचे वाद आपण मिटवितो. परंतु ही आवड खरोखर ज्याची त्याची असते काय, हा प्रश्न गेल्या गणेशोत्सवापासून आमच्या मनात घोळत आहे.

दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीत उत्सवाचे कार्यक्रम ठरविण्यासाठी मराठी मंडळी जमली होती. नाट्यसंगीताची एक रात्र एकमताने मंजूर झाली. तेव्हा दाराशी उभे असलेले, साताऱ्याकडचे एक शिपाई भीत भीत म्हणाले, “साहेब, एक दिवस लावणीचा ठेवला तर?” कोणी हसले, कोणी “बायकामुले असतात हो,” असे म्हणून विषय संपविला. इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. ती सूचना आम्ही लिहून घेतलीच नाही.

त्या रात्री आम्हांस झोप लागेना. गावच्या यात्रेत आजोबांच्या खांद्यावर बसून तमाशाच्या कनातीतली ढोलकी आम्हीही ऐकली होती. पुढे पदवी मिळाली, नोकरी लागली, आणि तो नाद आम्ही गावीच ठेवून आलो. तो आवडेनासा झाला म्हणून नव्हे. ज्या मंडळींत बसावयाचे होते तेथे तो शोभत नव्हता म्हणून. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७९ मध्ये एक ग्रंथ लिहून अभिरुचीवर वर्गाचा शिक्का कसा असतो ते दाखविले. आम्हांस त्यासाठी ग्रंथ उघडण्याची गरज उरली नव्हती.

आणि ज्या नाट्यसंगीतास आपण कुलीन मानतो, त्याचे कुळ तरी कोणते? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी-दिंडीबरोबर लावणीच्या वळणाच्या चालीही नाटकांत शिरल्या. १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला, ही गायकी उत्तरेकडील बाईजींच्या मैफलींत वाढलेली. त्या चालींवर प्रतिष्ठितांनी माना डोलाविल्या. गाणाऱ्या बाईजींना मात्र आपल्या घराचा उंबरठा ओलांडू दिला नाही. उलट, जन्माने कुलकर्णी असलेले पठ्ठे बापूराव फडात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या विद्वत्तेनेही त्यांना स्वजनांच्या रोषापासून वाचविले नाही. म्हणजे विटाळ स्वरांस नव्हता. गाणारा कोठे उभा आहे, यास होता.

वरून आज्ञा देऊनही रुची बदलत नाही. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. ते आपल्यातलेच, शास्त्रीय संगीताचे निस्सीम चाहते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? काटा रेडिओ सिलोनकडे फिरविला. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. हेतू वाईट नव्हता. ज्यांची रुची सुधारावयाची, त्यांच्या मनाला काय लागते हे विचारावयाचे मात्र राहून गेले होते.

मग सर्वच गाणे सारखे मानावयाचे काय? तसे आम्हांस वाटत नाही. नुसत्या हावभावांवर तगणारी लावणी असते, तसा घोटून घोटून निर्जीव झालेला ख्यालही असतो. गाण्याची पारख झालीच पाहिजे. केवळ डोळे पाणावले म्हणून गाणे थोर ठरत नाही. घरापासून दूर असलेल्या माणसाला ढोलकीची एक थापही रडवू शकते. भावना ही न्यायाधीश नव्हे, पण ती साक्षीदार आहे. साक्षीदारास दाराबाहेर उभे करून दिलेला निकाल न्याय्य कसा म्हणावा? त्या दिवशी आम्ही दोन साक्षीदार बाहेर ठेवले: एक ते शिपाई, आणि दुसरा आजोबांच्या खांद्यावरचा तो मुलगा.

पुढील बैठकीत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय येईल. तेव्हा एक सूचना लिहावयाची राहिली, असे सांगून आम्ही दुरुस्ती मांडणार आहोत. ती मंजूर होईल की नाही, हे सांगवत नाही. मंडळी हसतील, कदाचित आमच्या पदवीचीही आठवण करून देतील. परंतु सूचना करणाऱ्यास त्या दिवशी तरी खुर्ची द्यावी, एवढे आम्ही आधीच ठरविले आहे.