वास्तुशांत आणि पूर्णता प्रमाणपत्र

घर पुरे झाले हे आपल्याकडे दोन ठिकाणी सांगावे लागते, एकदा वास्तुपुरुषाला आणि एकदा नगर निगमाला. पहिल्याला सांगण्यात आपण मराठी माणसे सहसा चुकत नाही. मुहूर्त निघतो, पुण्या-नागपूरचे आप्त येतात, होम होतो, आग्नेय कोपऱ्यात प्रतिमा पुरली जाते आणि दुपारी अंगणात पंगती उठतात. दुसऱ्याला सांगणे मात्र राहून जाते. रामबाग, नारायण बाग, लोकमान्यनगर, टिळकनगर या आपल्या वस्त्यांत जुनी कौलारू घरे पाडून जी नवी उभी राहिली, त्यांपैकी किती घरांच्या कपाटात कार्यपूर्णतेचे प्रमाणपत्र असेल, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या मनाशी करून पाहावा. आमच्या कपाटात ते चौदा वर्षे नव्हते. तेव्हा पुढे जे लिहितो आहोत ते उपदेशकाच्या चौरंगावर बसून नव्हे.

प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. नक्शा पास झालेला आहे, घर भक्कम आहे, संपत्तिकर दरसाल भरला जातो. असे असताना एक कागद घेतला नाही, तर त्यात नैतिक अपराध तो कोणता? ज्याने कोणाचे काही बिघडले नाही, अशा चुकीला चूक तरी म्हणावे काय?

आधी तो कागद काय सांगतो ते पाहू. मध्य प्रदेशात 1984 चे आणि त्यानंतर 2012 चे भूमी विकास नियम यांची रीत साधारण सारखीच आहे. अनुज्ञा मिळाल्यावर काम सुरू करायचे, जोत्यापर्यंत आले की कळवायचे, आणि काम संपल्यावर नोंदणीकृत वास्तुविद किंवा अभियंत्यामार्फत पूर्णतेची सूचना द्यायची. मग मोजणी होते. पास झालेला नक्शा हे आपण दिलेले वचन आणि पूर्णता प्रमाणपत्र ही ते पाळल्याची पावती. पावती आपण घेत नाही, याचे कारण बहुतेकांना ठाऊक असते. वचन थोडेसे मोडलेले असते.

आमचेही मोडले होते. 2011 साली घर पुरे झाले तेव्हा पूर्वेच्या बाजूस, जिला इंदूरचा प्रत्येक मिस्त्री ‘एम.ओ.एस.’ म्हणतो त्या सोडावयाच्या जागेत, एक कोठीची खोली निघाली. अडीच फूट आत, तेवढेच बाहेर. शेजारच्या वाड्यातील अण्णांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिच्यासमोर आली. अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत. आमच्या वास्तुशांतीच्या पंगतीत ते पहिल्या पानावर बसले होते. पुढे त्यांच्या स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लागू लागला, हे आम्ही पाहत होतो आणि पाहिले नाही असे करीत होतो. शेजारधर्म शेजारधर्म म्हणून ज्याची थोरवी गातो, त्याचा भार सोसणारा बहुधा एकच असतो, हे त्या वेळी सुचले नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घरांच्या बांधणीविषयी नियम आले आहेत. दोन घरांत अंतर किती सोडावे, पाणी कोठून काढावे, खिडकी कोठे असावी, आणि हे न पाळणाऱ्यास दंड काय. ते वाचताना लक्षात येते की ग्रंथकाराला घरधन्याच्या सुखाची विशेष चिंता नाही. तो आपले सुख पाहीलच. चिंता भिंतीपलीकडच्या माणसाची आहे. बाबिलोनच्या हम्मुराबीची दृष्टी याहून कठोर. घर पडून धनी मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड, असे त्याचे कलम होते. पण त्या कलमाला जागे व्हायला आधी घर पडावे लागते. मोजणीची रीत निघाली ती घर उभे असतानाच प्रश्न विचारता यावा म्हणून. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भूजपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत नव्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांत राहणाऱ्यांना खांबांत काय घातले आहे हे विचारण्याची संधी त्या सकाळपर्यंत होती.

‘प्रशमन शुल्क भरून टाका’ असा सल्ला आम्हांला अनेकांनी दिला. बोलीभाषेतले ‘कंपाउंडिंग’. नियमाबाहेरचे काही बांधकाम ठरावीक मर्यादेत रक्कम भरून नियमित करून घेता येते. व्यवहारात याची गरज आम्ही नाकारीत नाही. सगळ्या शहराला हातोडा लावणे कोणत्या शासनाला परवडेल? परंतु ती रक्कम निगमाच्या खजिन्यात जाते. अण्णांच्या खिडकीत त्यातला एक रुपया किंवा उजेडाचा एक कवडसा जात नाही. ज्याचे देणे त्याला न देता तिसऱ्याला देऊन ऋणमुक्त होणे, हा हिशेब आमच्या आजोबांच्या चोपडीत बसला नसता. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत तळमजल्यावर पाच मजल्यांची परवानगी असताना एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. तेथील कुटुंबे वर्षानुवर्षे भोगवटा प्रमाणपत्राविना राहिली, आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले नियमित करण्यास नकार दिला. त्या रहिवाशांविषयी कणव वाटते. पण घर घेताना तो कागद मागितला असता तर, हा प्रश्नही कणवेबरोबरच येतो.

इंदूरला या बाबतीत एक निराळी परंपरा लाभली आहे, तिची आठवण येथे करावीशी वाटते. तिसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या काळात पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार येथे आला. दरबारासाठी त्याने केलेला दोन खंडांचा अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला. प्लेगचे दिवस होते. गेडिसने दिवाळीची मिरवणूक काढण्याचे ठरविले आणि जाहीर केले, की ज्या वाटेवरची घरे अधिक झाडलेली, दुरुस्त केलेली दिसतील त्या वाटेने ती जाईल. लोकांनी घरे नीटनेटकी केली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली थोरली प्रतिमा होती. आम्हांला त्यात मौज वाटते ती याची, की तपासणीस आला तो वाजतगाजत आला आणि लोकांनी त्याला आपल्या दारावरून जावे म्हणून खटपट केली. आज तपासणीस येऊ नये म्हणून खटपट होते.

30 मार्च 2023, रामनवमी. स्नेहनगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना बावडीवर घातलेले छत खचले आणि 36 माणसे गेली. खाली बावडी आहे हे कोणाला माहीत होते, कोणाला नव्हते, जागेला नोटीस केव्हा गेली, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवले नाही. कारण आमच्या गाडीच्या पोर्चखाली विहीर आहे.

1978 साली नर्मदेचे पाणी इंदुरात आले आणि घराघरांतल्या विहिरींचे दिवस सरले. आमच्या वडिलांनी दोन-तीन वर्षांनी आमचीही झाकली. लोखंडी पट्ट्या, वर शहाबादी फरशी, वर मुरूम. 2011 साली त्याच्यावर सिमेंटचा थर पडला. नक्श्यात विहीर नव्हती, कारण कोणी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. वास्तुशांतीच्या होमाची जागा तिच्यापासून चार हातांवर होती. नातवंडे तेथे सायकल शिकली.

वाचकांना वाटेल, त्या रात्रीनंतर आम्ही दुसऱ्या दिवशीच निगमात धावलो असू. तसे घडले नाही. गाडी मात्र रस्त्यावर उभी राहू लागली. माणूस भयाने जागा होतो आणि सवयीने पुन्हा झोपतो, त्याला आम्ही अपवाद नाही. दोन वर्षांनी, 2025 मध्ये, मुलाला वरच्या मजल्यासाठी कर्ज हवे झाले आणि बँकेने पूर्णता प्रमाणपत्र मागितले. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की इमारत तारण घेऊन कर्ज देण्यापूर्वी बँकांनी हे प्रमाणपत्र तपासावे आणि वीज-पाण्याच्या जोडण्याही ते पाहूनच द्याव्यात. आमच्या सदाचरणाचे मूळ हे असे बँकेच्या खिडकीत आहे.

ज्या तरुण अभियंत्याकडे गेलो तो आपल्यातलाच, सालस. म्हणाला, “काका, तुम्ही फक्त फोटो पाठवा. बाकीचं मी पाहतो. तुम्हांला यायलाही नको.” रक्कमही त्याने संकोचूनच सांगितली. हा मुलगा वाईट नव्हता, आणि तो जे देऊ करीत होता ते सगळेजण घेतात. तरी घरी येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. आपण पैसे मोजून जे विकत घेणार ते प्रमाणपत्र, आणि त्यासाठी जे सोडून देणार ते कोणीतरी येऊन आपल्या घराकडे परक्या डोळ्यांनी पाहणे. या दोहोंत आपल्याला गरज कशाची होती? सही तर आम्हीच करणार होतो. अर्जावरचे वाक्य साधे असते: काम मंजूर नक्श्याप्रमाणे झाले आहे. त्या वाक्याखाली आपले नाव लिहायचे. वास्तुपुरुष घरात उच्चारलेल्या प्रत्येक शब्दाला तथास्तु म्हणतो, असे आजी सांगत असे. हेही वाक्य घरातच, जेवणाच्या टेबलावर, उच्चारले जाणार होते.

दुसऱ्या दिवशी त्याला आम्ही घरी बोलावले आणि सारे दाखविले. तो बराच वेळ पोर्चमध्ये पाय न ठेवता कडेला उभा राहिला. मग म्हणाला, “काका, हे आधी पाहायला हवं होतं.” संरचना अभियंता आला, थर फोडला. पट्ट्या गंजून पापुद्रे सुटले होते. विहिरीत अजून पाणी आहे. आता तिला पक्का कठडा आणि जाळी बसविली आहे, गच्चीचे पावसाचे पाणी गाळून तिच्यात सोडले आहे, आणि गाडी कायमची बाहेर गेली. कोठीची भिंत अडीच फूट मागे घेतली. अण्णा तोवर राहिले नव्हते. त्यांच्या सूनबाईंनी खिडकी उघडून विचारले, “आता का पाडताय?” आम्हांला उत्तर देता आले नाही.

निरीक्षक जूनच्या पहिल्या आठवड्यात आले. टेप धरून एकेक बाजू मोजली, जिना पाहिला, मग कठड्यापाशी थांबले. “यह तो नक्शे में नहीं है,” ते म्हणाले. आम्ही खिशातले पेन काढून नकाशाच्या प्रतीवर, पोर्चच्या चौकोनात, एक वर्तुळ काढले आणि शेजारी लिहिले: विहीर, चालू.