घसारा

भंगारवाल्याला वस्तू देणाऱ्या माणसाला लोक संसारी म्हणतात. भंगारवाल्याकडून वस्तू आणणाऱ्याला काय म्हणतात, ते आमच्या हिने मला त्याच दिवशी सांगितलं.

मी आणला होता बीबीसी मायक्रो संगणक. मॉडेल 1981 सालचं, म्हणजे माझ्याहून वर्षभराने धाकटं. 1984 साली सरकारने 'क्लास' नावाच्या योजनेत हेच संगणक शाळांना वाटले. आमच्या शाळेतही एक होता. चपला बाहेर काढायच्या, हात मागे बांधायचे आणि लांबून दर्शन घ्यायचं. बोट लावायचं राहून गेलं होतं.

"अहो, पण याचा उपयोग काय?"

"प्रोग्रॅम लिहीन."

"त्याने काय होईल?"

इथे मी गप्प. मेमरी सगळी मिळून 32 केबी. सकाळी मोबाइलवर येणारं एक 'शुभ प्रभात'चं गुलाबाचं फूलही त्यात मावायचं नाही.

जुना टीव्ही जोडून बटण दाबलं. दोन सुरांत 'बीप' झालं आणि बेसिक भाषा हजर! पासवर्ड नाही, ओटीपी नाही. बँकेत असं सुख कुठलं? दहा मिनिटांनी मात्र मागून धूर आला. या यंत्रांच्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर म्हातारपणी तडकतात, घरभर वास सोडतात. बाकी यंत्र सहसा ठणठणीत असतं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने थोडक्यात काम भागवलं.

आता हिच्या प्रश्नाबद्दल. मी पडलो कॉमर्सचा. कॉमर्समध्ये घसारा काढायच्या दोन पद्धती. स्थिर हप्त्याच्या पद्धतीत दरवर्षी सारखी रक्कम वजा होते आणि ठरल्या वर्षी वस्तूची किंमत शून्य! घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत उरलेल्या किमतीवर टक्के कापतात. कितीही वर्षं कापा, काहीतरी उरतंच. वस्तू तीच, फक्त हिशोब बदलला. मग माणसाला कुठली पद्धत लावायची? पुस्तकात हे नव्हतं.

म्हणून पहिला प्रोग्रॅम घसाऱ्याचाच लिहिला. प्राप्तिकरातला संगणकाचा दर, 40 टक्के. दर वेळी बटण दाबलं की पुढच्या वर्षाचा आकडा. 100, 60, 36, 21.6, 12.96...

"सात पॉइंट सात सात सहा," मागून आवाज आला. मी अजून बटण दाबलं नव्हतं.

अण्णा! जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली. चष्मा कपाळावर चढवून उभे होते. मी बटण दाबलं. 7.776.

"पुढचं?" मी विचारलं.

"चार पॉइंट सहा सहा पाच सहा. तुझं यंत्र बरोबर आहे हो," अण्णा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

वीस वर्षांत त्यांना कुणी एक हिशोब विचारला नव्हता. कुणी म्हणजे, मीच.

दुसऱ्या दिवशी संगणकावर क्रोशाचा रुमाल दिसला. ही काही बोलली नाही. पण आमच्या घरात रुमाल घातलेली वस्तू भंगारात जात नाही.