जहाजावर खलाशीही होते

जग नकोसं झालं की मी कॅथरीन अ‍ॅडिसनची ‘द गॉब्लिन एम्परर’ (२०१४) पुन्हा काढते. (पुढे रहस्यभेद आहे, वाचायची असेल तर इथेच थांबा.)

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसला मुलगा माइआ. बाप एल्फांचा सम्राट, आई गॉब्लिन. ती गेल्यावर पोराला दूर एका कडवट नातलगाच्या ताब्यात टाकलेलं. त्याच्या माराचे वण अजून हातावर आहेत. सम्राट आणि तीन थोरले मुलगे हवाई जहाजाच्या दुर्घटनेत मरतात आणि अठराव्या वर्षी माइआ गादीवर येतो. दरबारी रीतभात ठाऊक नाही, नाच येत नाही. पण जहाजावर खलाशीही होते, हे त्याला सुचतं. त्यांच्या अंत्यविधीला तो स्वतः जातो. मी तिथेच विरघळले.

पुढे कळतं, तो घातपात होता. कटातला शुलिवार कैदेत आहे. माइआ त्याला भेटतो. शुलिवारला पश्चात्ताप नाही. त्याचं म्हणणं साधारण असं, की वरचे हलल्याशिवाय काही बदलणार नव्हतं, आणि तू गादीवर बसलास हाच त्याचा पुरावा. माइआला ते सहन होत नाही.

मलाही झालं नाही, कारण शुलिवारचा हिशेब मी आधीच मान्य केला होता. बापाच्या दरबारात जिला थारा नव्हता, ती नदीवरच्या पुलाची योजना माइआ मनावर घेतो तेव्हा मी खूश झाले होते. ते जहाज सुखरूप उतरावं, असं मला एकदाही वाटलं नाही. माइआची गोष्ट वेगळी. त्याने राज्य मागितलं नव्हतं, आणि सोडून दिल्याने कुणी परत येणार नव्हतं. गुन्ह्यातून आलेलं नीट वापरणं आणि गुन्हा बरा झाला म्हणणं, यांतला फरक तो जिवापाड सांभाळतो. मी नाही सांभाळला. कादंबरीतच तर आहे, ही सबब मला पुरत नाही. खरोखरीचे सत्तापालट वाचतानाही मी आधी नवा माणूस कसा आहे तेच बघते.

आणि तो अंत्यविधी! त्या मेलेल्यांचा उपयोग मी माइआ किती चांगला हे पटवून घ्यायला केला होता. मागच्या खेपेला ते प्रकरण मुद्दाम सावकाश वाचलं. त्याच्याकडे न बघता रडणाऱ्या माणसांकडे बघायचं ठरवलं होतं. नजर परत परत त्याच्याकडेच जात राहिली.