पुढच्या अपडेटमध्ये होईल ठीक

दिवाळीत हौसेनं घेतलेला फोन आठवड्याभरात नखरे करू लागला, की सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचं उत्तर ठरलेलं असतं. ‘सॉफ्टवेअर इश्यू आहे सर, रिसेट मारून देतो. पुढच्या अपडेटमध्ये होईल ठीक.’ ही दर वेळी थापच असते असं नाही. म्हणून तर ती पचते.

मुळात निर्दोष फोन कारखान्यातून बाहेर पडतच नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या कोट्यवधी बिंदूंपैकी काही जन्मतःच मेलेले असतात. त्यांची नोंद ठेवून शेजारच्या बिंदूंवरून ती जागा भरली जाते. वाइड अँगल भिंगातून सरळ भिंत फुगीर दिसते, ती सॉफ्टवेअर ताठ करतं. हे जमतं, कारण असे दोष स्थिर असतात. भिंग आज जितकं वाकवतं तितकंच उद्याही वाकवणार, आणि जे मोजता येतं ते वजा करता येतं. ड्राय सोल्डर झालेला सांधा किंवा सैल कनेक्टर मात्र सकाळी एक वागतो, संध्याकाळी दुसरंच. तिथे वजाबाकी करणार कशाची?

कधी संशय चुकीच्या आरोपीवर जातो, हेही खरं. 2023 साली आयफोन 15 प्रो तापू लागला तेव्हा सगळ्यांनी नव्या टायटॅनियमच्या चौकटीला धारेवर धरलं. अ‍ॅपलनं दोष आयओएसमधल्या एका बगवर आणि काही अ‍ॅप्सवर ठेवला, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला 17.0.3 हे अपडेट दिलं. असं प्रकरण असेल तर अपडेटची वाट बघण्यात शहाणपण आहे.

आयफोन 4 ची गोष्ट वेगळी. जून 2010 मध्ये आलेल्या या फोनची स्टीलची कडा हाच त्याचा अँटेना होता. डावीकडच्या खालच्या फटीवर तळहात टेकला की सिग्नल घसरायचा. कंपनीचा खुलासा असा, की सिग्नलच्या दांड्या मोजण्याचं सूत्रच चुकलंय, बऱ्याचदा दोन दांड्या जास्त दिसतात. 15 जुलैला अपडेट आलं आणि दांड्या प्रामाणिक झाल्या. अँटेना होता तिथेच राहिला. दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्जना पत्रकार परिषद घेऊन फुकट बंपर, म्हणजे कडेभोवती बसणारी कव्हरं, जाहीर करावी लागली. बोट आणि धातू यांच्यात काहीतरी आडवं घालणं, हा खरा इलाज.

मला जास्त खुपतो तो तिसरा प्रकार. जानेवारी 2017 च्या आयओएस 10.2.1 नंतर जुने आयफोन अचानक बंद पडणं कमी झालं. कसं? झिजलेल्या बॅटरीला एकदम मोठा करंट पुरवता येत नव्हता, म्हणून प्रोसेसरचा वेगच आवरला. ग्राहकाला हे नीट कळलं डिसेंबरात, बाहेरच्यांनी वेग मोजून बोंब मारल्यावर. मग माफी आली आणि 79 डॉलरची बॅटरी 29 डॉलरला बदलून मिळू लागली. नवी बॅटरी पडली की वेग परत! गॅलक्सी नोट 7 च्या बाबतीत तर 2016 साली काही देशांत चार्जिंग 60 टक्क्यांवर अडवलं, पुढे अमेरिकेत अपडेटनंच ते बंद पाडलं. आगी लागत होत्या, तेव्हा ते योग्यच होतं. पण त्याला दुरुस्ती कोण म्हणेल?

गच्चीवरची टाकी निम्म्या उंचीवर तडकली तर ती अर्धीच भरत जायची, तसा हा उपाय. गळती थांबते, उरलेल्या अर्ध्या टाकीचे पैसे मात्र आपलेच बुडतात. हार्डवेअरच्या दोषावरचं अपडेट बहुतेक वेळा विकलेल्या मालातूनच काहीतरी परत काढून घेतं. कधी वेग, कधी चार्ज, कधी पडद्याचा उजेड. त्यामुळे ‘अपडेटनं प्रॉब्लेम गेला’ असं कुणी म्हणालं की विचारायचं, बदल्यात काय गेलं?

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत अमोलेड पडद्यांवर उभी हिरवी रेघ उमटण्याच्या तक्रारी खूप आल्या. ‘अपडेट टाकलं आणि रेघ आली,’ असं अनेकजण सांगतात. यावर एक साधी परीक्षा आहे. स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या फोनवर पाठवा. तिथे रेघ दिसत नसेल, तर चित्र ठीक आहे आणि ते दाखवणारा पडदा किंवा त्याची जोडणी बिघडली आहे. फोन चालू होताना कंपनीच्या लोगोवरही रेघ दिसत असेल तर कितीही रिसेट मारा, उपयोग नाही.

वाट बघण्याचा खर्च कुणी सांगत नाही. ऑनलाइन दुकानांची बदलून देण्याची मुदत जेमतेम काही दिवसांची, वॉरंटी बहुधा वर्षाची, आणि ‘पुढचं अपडेट’ कधी येणार ते कंपनीच्या मर्जीवर. कायद्याला मात्र बिघाड सर्किटमध्ये आहे की कोडमध्ये, याच्याशी कर्तव्य नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दर्जा, प्रमाण किंवा मानकातली कोणतीही उणीव म्हणजे दोष. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगाकडे फीदेखील लागत नाही.

तेव्हा पहिल्याच फेरीत जॉबशीटवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, ‘अपडेटची वाट बघा’ असं सांगितलं तर तेही तारखेसह लिहायला लावा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915.