नळीतलं पाणी

2017 चा उन्हाळा. माण तालुक्यातलं एक गाव पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत उतरलं होतं. 45 दिवसांचं श्रमदान. पहाटे हलगी कडाडली की टेकडीवर कुदळी, घमेली आणि शे-दीडशे माणसं. मुंबईत माथाडी काम करणारी पोरंही रजा टाकून आली होती. सरपंच तात्या रोज चार शब्द बोलायचे नि माणसांच्या अंगात बळ यायचं. ते बळ खोटं नव्हतं. जनावरं चारा छावणीत बांधावी लागलेल्या गावाला ते हवंच होतं.

विसाव्या दिवशी आक्का उठल्या. प्रशिक्षण घेऊन आलेल्यांपैकी त्या एक. म्हणाल्या, "तात्या, वरच्या अंगाचे तीन चर समतल न्हाईत."

हलगी थांबली. "पोरांनी रक्त आटवलंय आन् तुमी खोट काढताय?" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या दिवशी तीसेक माणसं आलीच नाहीत. आक्कांचं बोलणं खरं होतं, पण ते लागलंही होतं.

आक्का मात्र सगळ्यांच्या आधी येऊन चुकलेल्या चरातली माती ओढत होत्या. तात्या आले, तशी आक्कांनी समतल मापायच्या हायड्रोमार्करची एक पट्टी त्यांच्या हातात दिली. "सरळ धरा." दोन पट्ट्यांच्या मधल्या पारदर्शक नळीत बुडबुडा अडकला होता. आक्कांनी टिचक्या मारून तो वर काढला. "ह्यो ऱ्हायला की माप चुकतं." पाणी डुचमळलं, मग थिरावलं. तात्यांच्या पट्टीवर ते चांगलं चार बोटं वर चढलेलं. म्हणजे चराचं हे टोक खाली. पावसाचं पाणी जागच्या जागी मुरायचं सोडून या टोकाला धावणार, भराव फोडणार आणि खालचे चरही घेऊन जाणार.

तात्या बराच वेळ नळीकडे बघत राहिले.

संध्याकाळी ते न आलेल्यांच्या घरोघरी गेले. "अठरा चर झकास झालेत. तीन माझ्या घाईनं चुकले. आक्कांनी येळेत बघितलं म्हणून बरं."

आक्का सोबतच होत्या. शेवटच्या घरी हळूच म्हणाल्या, "त्ये अठरा मीबी आधी सांगाया पायजे हुते."

पहाटे पुन्हा हलगी वाजली. फक्त आता नळीतलं पाणी थिरावेपर्यंत हलगीवाला हात आवरून उभा राहायचा.