मांजराला दिलेला शब्द

मांजर दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला, कधी माणसाच्या पोटरीला गाल घासते. आपण त्याला लाडीगोडी समजतो, आणि काही अंशी ती असतेही. पण त्याच वेळी गालातल्या ग्रंथींचा स्राव त्या वस्तूवर उतरत असतो. एकाच कोपऱ्यावर रोज असे घासले गेले की भिंतीवर मांजराच्या उंचीला तेलकट, काळपट पट्टा उमटतो. मांजराने स्वतःसाठीच ठेवलेली ती खूण आहे: जागा ओळखीची आहे, इथे भ्यायचे कारण नाही. पॅट्रिक पाझा या फ्रेंच पशुवैद्याने या स्रावाचे पाच अंश वेगळे ओळखले. त्यांतल्या तिसऱ्या अंशाची कृत्रिम नक्कल १९९०च्या दशकात ‘फेलिवे’ या नावाने बाजारात आली. पुढे आलेले तिचे डिफ्यूजर दिसते डास पळवणाऱ्या मशीनसारखेच. सॉकेटमध्ये प्लग, खाली तेलाची बाटली, वर तापणारी वात. साधारण ५० ते ७० चौरस मीटर जागेत महिनाभर ती खूण हवेत पसरत राहते, फक्त आता ती मांजराने केलेली नसते. मुक्या जिवाला त्याच्याच हस्ताक्षरात आपण ‘सगळे ठीक आहे’ असे कळवतो, तेव्हा आपण खोटे बोलतो का?

न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानते, पण तो आप्ताचा असला तरच. वस्तुस्थिती ज्याला ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. गालाच्या खुणेच्या बाबतीत मांजर स्वतःच स्वतःचे आप्त असते. आपण मध्ये घुसून त्याची सही करतो. यावर कोणी म्हणेल की वास म्हणजे वाक्य नव्हे. तो टाळूच्या वरच्या जेकबसनच्या अवयवात जातो आणि परिणाम करतो; तिथे खरे-खोटे कुठून येणार? आक्षेप वजनदार आहे, पण पुरेसा नाही. मांजर त्या खुणेवर विसंबून सावधपणा सैल करते, आणि ज्यावर कोणी विसंबते ते फसवू शकते. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सत्याचा विचार येतो तो इथे कामाचा आहे. वाणी फसवणारी वा भ्रमात टाकणारी नसावी, एवढ्यावर भाष्यकार थांबत नाही; ती भूतमात्रांच्या हिताची असावी, आणि जिवांचा घात करणारे बोलणे सत्य ठरत नाही, असे तो म्हणतो. ही कसोटी लावली तर बाटलीतले विधान खरे की खोटे, हे बाटलीत ठरत नाही, घरात ठरते. बिऱ्हाड हलवले आहे, घर खरोखर सुरक्षित आहे, फक्त मांजराला ते अजून उमगलेले नाही, अशा वेळी दिलेला शब्द खरा असतो, थोडा आगाऊ दिलेला इतकेच. पण तीन मांजरांना एकच लिटर ट्रे आहे, खिडकीशी रोज परका बोका येऊन बसतो, घरातले मूल शेपूट ओढते, आणि यातले काहीही न बदलता प्लग लावला, तर ती शुद्ध थाप आहे.

अर्थात हा शब्द मांजरापर्यंत पोहोचतो की नाही, हाच आधी वादाचा विषय आहे. २०१० साली कुत्र्या-मांजरांसाठीच्या अशा कृत्रिम खुणांवरील अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक उपयोगांसाठी पुरावा अपुरा ठरला. २०११च्या एका एकत्रित विश्लेषणात मात्र घरात लघवीचे फवारे मारण्याची सवय कमी होताना दिसली. २०१७ मध्ये निवाऱ्यातल्या मांजरांवर केलेल्या प्रयोगात खरे आणि नकली डिफ्यूजर यांच्यात ताणाच्या गुणांत फरक आढळला नाही. म्हणजे ठरावीक तक्रारींत थोडा उपयोग संभवतो. ‘मांजर शांत करणारे यंत्र’ ही जाहिरात पुराव्याच्या बरीच पुढे धावते. त्यातून मोजणारा बहुधा मालकच. लंगड्या कुत्र्यांवरच्या २०१२च्या एका अभ्यासात, औषध नसलेली गोळी दिलेल्या कुत्र्यांबाबत मालकांना सुमारे ४० टक्के वेळा सुधारणा दिसली, जी पावलांचा भार मोजणाऱ्या यंत्राला दिसली नव्हती. ‘भांडणे थांबली, म्हणून मांजरे शांत झाली’ हा हेतू नैयायिकाच्या भाषेत व्यभिचारी, म्हणजे निष्कर्ष खोटा असतानाही आढळणारा, आहे. दबलेले मांजर कपाटावर चढून बसले तरीही भांडणे थांबतातच.

सुरक्षिततेचा भाग थोडक्यात उरकता येतो. खुणेच्या या रसायनाने, म्हणजे फेरोमोनने, गुंगी येत नाही आणि माणसावर त्याचा परिणाम होत नाही. प्लग पडद्यामागे किंवा फर्निचरखाली कोंडू नये, एवढी काळजी पुरे. खरी गल्लत होते ती ‘नैसर्गिक’ सुगंधी तेलांच्या डिफ्यूजरशी. टी ट्री, पेपरमिंट यांसारख्या तेलांतल्या घटकांचा मांजराच्या यकृताला नीट निचरा करता येत नाही आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. याहून मोठा धोका मात्र बाटलीबाहेर आहे. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, थेंबभर लघवी होते किंवा तीही नाही. मालकाला वाटते, ताण आहे. मूत्रमार्ग तुंबला असेल तर दोन-तीन दिवसांत ते जिवावर बेतते, आणि प्लग लावून वाट पाहण्यात नेमके तेच दिवस जातात. अहिंसा पाळणाऱ्या घरातही ही हिंसा घडू शकते, कारण ती लक्ष न देण्यातून घडते.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा: परिणाम मालकाच्या मनाचा असेना का, मालक निवळला की मांजरही निवळते, मग बिघडले कुठे? बिघडत नाही, मालक निवळून बारकाईने पाहू लागला तर. २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे पाहण्यासारखा आहे; पैसा उत्पादक कंपनीचा होता, पण मांडणी कोणाला काय मिळाले हे न कळू देणारी होती. एकाहून अधिक मांजरे असलेल्या ४५ घरांत २८ दिवस एका वेगळ्या फेरोमोनचे किंवा नकली डिफ्यूजर लावले. भांडणे खऱ्या गटात जास्त घटली. पण नकली बाटलीच्या घरांतही ती घटली, आणि मला ती घट अधिक बोलकी वाटते. कारण सुरुवातीलाच दोन्ही गटांतल्या मालकांना एकत्र बोलावून मांजरे कशी वागतात, भांडण लागले तर काय करावे आणि शिक्षा का करू नये, हे शिकवलेले होते.