मध्यस्थाची मजुरी

मदीनेच्या बाजारात ग्राहक व विक्रेता यांची गाठ घालून देणाऱ्यांना 'समासिरा', म्हणजे दलाल, म्हणत. सुनन अबू दाऊदमध्ये आदरणीय कैस बिन अबी गरजा (रजि.) सांगतात की, प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्याजवळून गेले आणि त्यांनी या लोकांना अधिक चांगल्या नावाने हाक मारली. ते नाव होते 'व्यापारी'.

आज आपल्या घरातील मुले-मुली मोबाईलवरून एखाद्या वस्तूची लिंक पाठवितात आणि त्या लिंकवरून खरेदी झाली की दुकानदार टक्केवारी देतो. अफिलिएट मार्केटिंग हे नाव नवे असले तरी काम समासिरांचेच आहे. फिकहमध्ये याच्या जवळचा करार म्हणजे 'जुआला', काम पार पडताच ठरलेले बक्षीस. राजाचे पात्र आणून देणाऱ्यास उंटाच्या ओझ्याइतके धान्य देण्याची घोषणा सूरह यूसुफमध्ये (१२:७२) आहे. फुकहा तिचाच आधार घेतात. वस्तूचे दोष न लपविणे व आपल्याला दलाली मिळते हे न झाकणे, हे मध्यस्थाचे कर्तव्य उघड आहे. खरा प्रश्न व्यापाऱ्याचा आहे.

माझ्या परिचयातील एका भगिनीने वर्षभर एका दुकानाच्या बुरख्यांच्या लिंक पाठविल्या. तिच्या नावावर ८७० रुपये जमले. दुकानाचा नियम असा की १,००० रुपये होईपर्यंत रक्कम मिळणार नाही. मग दुकानाने ती योजनाच बंद केली. विचारणा करता उत्तर आले, "अटी आपण मान्य केल्या होत्या."

करार पाळा, हा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीचा आदेश आहे. त्यामुळे हे उत्तर सहज झटकता येत नाही. पुढील विक्रीचा दर व्यापाऱ्याने आधी कळवून कमी केला, तर त्यालाही दोष देणे कठीण. अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, अमेरिकेत फर्निचरवरील दलाली ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणली. त्यात औदार्य नव्हते, पण झालेल्या कामाचे पैसे बुडविणे आणि हे, यांत अंतर आहे. जी विक्री झाली, जिचा नफा व्यापाऱ्याने गल्ल्यात टाकला, तिची दलाली ही त्याच्याकडील अमानत होय. शाफई फुकहा (आपले कोकणी बांधव याच मसलकाचे) तर म्हणतात की, काम सुरू झाल्यावर मालकाने माघार घेतली तरी झालेल्या कामाची रास्त मजुरी द्यावी लागते. इथे तर काम पूर्णच झाले होते! फतवा देणे मुफ्तींचे काम. मला मात्र ती अट मजुरी कधी द्यायची एवढेच ठरविणारी वाटते, ती गिळण्याची परवानगी नव्हे.

शिवाय वही एकाच हातात असते. किती खरेदी झाली, कोणाच्या लिंकवरून झाली, हे केवळ दुकानदार पाहतो. एकाने आठवडाभर समजावून ग्राहक तयार करावा आणि शेवटच्या क्षणी दुसऱ्याच्या कूपनवर बोट पडले म्हणून सारी दलाली त्याला जावी, हेही नित्याचे. स्वतः घेताना माप पुरेपूर घेणारे व देताना घटविणारे, यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेला इशारा तराजूपुरताच आहे काय?

सहीह बुखारीत गुहेत अडकलेल्या तिघांची हकीकत आहे. त्यांतील एकाचा मजूर मजुरी न घेताच निघून गेला होता. मालकाने ती रक्कम गुंतविली, तिचे पशुधन झाले, आणि कैक दिवसांनी मजूर परतला तेव्हा त्याला सारे हाकून नेऊ दिले. मजुराला ती थट्टाच वाटली होती.

त्या भगिनीचे ८७० रुपये अद्याप दुकानदाराकडेच आहेत.